पिठाची अँटेना

आमच्या घरी नवा फोन दुकानाआधी ताटात यायचा. गरमागरम, वरून साखर पेरलेला. त्याला अँटेना असली तर ती माझी, हा नियम मी बोलायला लागले तेव्हापासूनचा आहे आणि तो मोडायची हिंमत बाबांनीही कधी केली नाही.

आई फोनच्या कारखान्यात आहे. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाच्या बेटावरचं आमचं गाव रिओ ग्रांदे, तिथे निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी फोनच्या कारखान्यात असतं आणि उरलेल्या निम्म्यांना तिथे चिकटायचं असतं. आत जाताना प्रत्येकाला आपला फोन दाराशी काढून ठेवावा लागतो. म्हणजे दिवसभर फोन जोडणाऱ्या बायकांना दिवसभर कुणी फोन करू शकत नाही. शिवाय आत कुठलं नवं मॉडेल आलंय, याबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही, अशी सक्त ताकीद. आई शब्दाची पक्की. तिने कधी चकार शब्द काढला नाही. ती कणीक मळायची.

तोंडाने सांगू नका म्हणालेत, हाताने सांगू नका असं कुठे म्हणालेत, असा तिचा कायदेशीर मुद्दा होता. तोर्तांसाठी, म्हणजे तळलेल्या गोड पुऱ्यांसाठी, मळलेल्या पिठाचा एक गोळा ती बाजूला ठेवायची, त्याला नव्या फोनचा आकार द्यायची, कढईत सोडायची आणि ताट आमच्यासमोर ठेवून म्हणायची, "ओळखा." मग बाबा, झुलेमा मावशी आणि मी त्या फोनवर तुटून पडायचो. हा कुठून उघडतो? बटणं वर की खाली? एक शिंपल्यासारखा उघडायचा. एक पोटातून सरकायचा. एकाचा बुडखा नासपतीसारखा होता. एकाची मान गर्रकन आडवी फिरायची, पण तो तेलात असा काही फुगला की बाबांना तो बदक वाटला, आणि महिनाभराने तोच फोन दुकानाच्या काचेत दिसला तेव्हा बाबा रस्त्यात थांबून म्हणाले, "हे बघ आपलं बदक." यातले निम्मे फोन मी जन्मायच्या आधी तळले आणि संपवले गेले. तरी मला त्यांची आठवण येते. जे खाल्लंच नाही त्याची आठवण कशी येईल, असं आमच्या विज्ञानाच्या बाई विचारतील. त्यांना म्हणावं, येते.

मग एका वर्षी आईने ताटात चौकोन ठेवला. कडा गोल केलेला, सपाट चौकोन. आम्ही त्याचंही कौतुक केलं. पुढच्या वर्षी पुन्हा चौकोन आला तेव्हा मी म्हटलं, हा मागच्या वर्षीचाच आहे. नाही, नवा आहे, असं म्हणत आईने त्याच्या पाठीत एक बेदाणा खुपसला आणि हा बघ दुसरा कॅमेरा म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी तीन बेदाणे. मग चार. खेळ आता फोन ओळखण्यावरून बेदाणे मोजण्यावर आला आणि बेदाणे मोजायला मावशी लागत नाही, म्हणून मावशी यायची बंद झाली. शेवटी एकदा आईने साध्या गोल तोर्ता केल्या. मी विचारलं, या वर्षी नवा आला नाही का? "आलाय ना," आई म्हणाली. "बिस्किटाचा पुडा समोर ठेव आणि समजून घे." खेळ संपला असं कुणीच जाहीर केलं नाही, पण तो तिथे संपला.

तर आता माझा पंधरावा वाढदिवस. आमच्याकडे मुलीला पंधरावं लागणं ही काही साधी गोष्ट नाही. दिवाणखाना पुरत नाही, हॉल घ्यावा लागतो, बाबांबरोबर वॉल्ट्झ नाचावं लागतं, आणि ज्या नातेवाइकांना आपण ओळखत नाही ते आपण केवढ्या होतो ते हाताने दाखवतात. आमच्या घरात तर पंधराव्या वाढदिवसाच्या तुलनेला झुलेमा मावशीचा पंधरावा आहे. तिला गुलाबी रंगाचा, शिंपल्यासारखा उघडणारा फोन मिळाला होता. ऐन वॉल्ट्झमध्ये तिने तो 'टक्' करून उघडला आणि सगळा हॉल वळून बघायला लागला. मावशी म्हणते, तिचा नवरा त्या 'टक्'वर भाळला. नवरा म्हणतो, संगीत थांबलं म्हणून तो जेवणाच्या टेबलाकडे निघाला होता. काही असो, हॉल वळला होता हे दोघांनाही मान्य आहे. मला तेवढंच हवं होतं. मी हातात काहीतरी धरावं आणि हॉल वळावा.

बाबांनी नवा फोन कबूल केला. बाबा नगरपालिकेची बर्फ उपसायची गाडी चालवतात आणि उन्हाळ्यात त्यांना काम कमी असतं म्हणून कबूल जरा जास्त करतात. पण आमच्याच गावात जोडलेला फोन आमच्याच गावच्या दुकानातून घ्यायचा, तर माझी पंचविशी उजाडली असती. सीमेपलीकडे, चिले देशात, तोच स्वस्त मिळतो. असं का, ते विचारू नका. या विषयावर आमच्या गावात कित्येक वर्षं जेवणं थंड होताहेत.

अडचण एकच होती. आई. ती नुसती कारखान्यात नाही, कामगारांची निवडलेली प्रतिनिधी आहे. फाटकाशी पिंपावर उभी राहून बोलते. आणि तिचं सगळ्यात गाजलेलं वाक्य असं, की जो पलीकडून फोन आणतो तो माझ्या पोरीच्या ताटातला पाव उचलतो. त्यावर टाळ्या पडतात. आता ती पोर म्हणजे मीच. म्हणजे माझ्याच ताटातला माझाच पाव उचलायला मीच निघाले होते. शिवाय घरात तो फोन कुणाला दिसता कामा नये आणि हॉलमध्ये तो सगळ्यांना दिसलाच पाहिजे. हे दोन्ही एकदम कसं जमणार, असं मी बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी येर्बाच्या कडू चहाचा मोठा घोट घेतला आणि म्हणाले, एका वेळी एक काळजी करावी.

अशा वेळी शेजारी असतात. आमचे शेजारी ओब्दुलिओकाका निवृत्त झाल्यापासून कुंपणाशी उभे असतात. त्यांनी बाबांना गुपचूप सल्ला दिला. पण आमच्याकडे वारा असा, की गुपचूप बोलायचं तरी ओरडावं लागतं. त्यामुळे अर्धी गल्ली आणि पोस्टमन यांनी ऐकलं, की खोकं तिकडेच फेकून द्यायचं, नव्या फोनला जुन्याचं कव्हर चढवायचं, जकात चौकीवर साहेबाच्या डोळ्यांत बघायचं आणि टायर आणले म्हणून सांगायचं. इथली अर्धी माणसं टायरसाठीच पलीकडे जातात, त्यात काही वावगं दिसत नाही. फक्त मग टायर खरंच आणायचे, हे विसरू नका, असं काकांनी दोनदा बजावलं. त्यांनी स्वतः एकदा कपडे धुण्याचं यंत्र मागच्या सीटवर घोंगडी आणि टोपी घालून, झोपलेली सासू म्हणून आणलं होतं. निदान ते तसं सांगतात. समोरच्या घरातून लगेच उलटा सल्ला आला, की नियम बदललाय, आता एक फोन चालतो. तिसऱ्या घराचं म्हणणं, चालत होता, गेल्या महिन्यापासून बंद. नियम नक्की काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं आणि त्यामुळे सगळे अगदी ठामपणे बोलत होते.

आईला आम्ही टायर सांगितलं. ती म्हणाली, जा, आणि तिने वाटेत खायला हॅमचे सँडविच आणि सफरचंदं दिली. चिलेच्या चौकीवर फळं आणि मांस आत नेऊ देत नाहीत हे तिला माहीत आहे, आम्हालाही माहीत आहे, तरी दर वेळी ती देते आणि दर वेळी आम्ही चौकीच्या अलीकडे गाडी थांबवून सगळं एकदम खातो. सफरचंदाच्या बिया तोंडात धरून बाबा म्हणाले, तुझ्या आईला फसवायचं म्हणजे हे सँडविच घशाखाली उतरत नाही. ते त्यांचं तिसरं होतं.

सामुद्रधुनी ओलांडून चिलेतल्या पुंता आरेनास शहरात पोचलो. दुकानातला मुलगा फार गोड बोलणारा. त्याने काउंटरवर फोनांची रांग लावली आणि मला डॉमिनोच्या उलट्या ठेवलेल्या सोंगट्या आठवल्या. मी विचारलं, यात नवीन काय आहे? पुष्कळ काही, तो म्हणाला. कुठे? आत. आणि बाहेर? बाहेरून रंग. एका रंगाचं नाव 'रात्र', दुसऱ्याचं 'खडक', तिसऱ्याचं 'खोल समुद्र', आणि तिन्ही काळे. मी धीर करून शेवटचं विचारलं, यातलं काही उघडतं का?

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "खोकं उघडतं," तो म्हणाला.

आम्ही 'रात्र' घेतला. लपवायचाच आहे तर हे बरं, बाबा म्हणाले. दुकानातून बाहेर पडताना मला आनंद व्हायला हवा होता, आणि मी तो खूप शोधला.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण पुढे जे घडलं त्यात सरकारचासुद्धा गोंधळ उडाला. काकांच्या सल्ल्याप्रमाणे माझ्या जुन्या फोनचं कव्हर, ज्यावर देवमाशाचं झिजलेलं चित्र आहे ते, आम्ही नव्या फोनला चढवलं. जुना फोन उघडा राहिला. त्याची बॅटरी नेहमीप्रमाणे दुपारीच मेली होती. नवा तर बाबांनी वाढदिवसाआधी चालू करायलाच बंदी घातलेली. आणि परतीच्या बोटीवर बाबांना हात रिकामे ठेवणं जमेना, म्हणून त्यांनी तो उघडा जुना फोन शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. सामुद्रधुनी मोठी आहे. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तो आरशासारखा झाला होता.

आमच्या बाजूच्या जकात चौकीत जे साहेब होते त्यांच्या छातीवर आन्सेल्मो असं नाव होतं आणि वर मोठ्या मिशा. काही जाहीर करायचंय का, त्यांनी विचारलं. टायर, बाबा म्हणाले. आणखी काही? इथे सांगायला हवं, की बाबांना खोटं बोलता येतं, पण त्यांच्या कानांना येत नाही. ते लाल होतात. साहेबांनी कानांकडे पाहिलं आणि खिसे रिकामे करायला सांगितले. दोन माणसं आणि तीन फोन टेबलावर आले. साहेबांनी चकचकीत जुना फोन दोन बोटांनी उचलला. हा नवा, ते म्हणाले.

बाबांचं काय झालं कुणास ठाऊक. कदाचित तिसरं सँडविच. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, नाही साहेब, नवा तो, देवमासावाला. आम्हीच आणलाय. चूक झाली.

साहेबांना राग आला. इथे उभं राहून माझे केस पांढरे झाले, ते म्हणाले, आणि तुम्ही मला नवा फोन ओळखायला शिकवता? कव्हर बघा त्याचं, कडा गेल्यात. चोर नेहमी फुटकळ माल पुढे करतो, अस्सल मागे ठेवतो. बाबा आयुष्यात पहिल्यांदा सरकारपुढे खरं बोलले होते आणि सरकारने ते नाकारलं होतं. त्यांचे कान इतके लाल झाले की तीच त्यांच्या खोटेपणाची साक्ष ठरली. मग मी पुढे झाले. या वर्षी मी वर्गात हात वर न करता बोलायला लागले आहे, आणि माझा आवाज आता मलाच आवडतो. मी म्हटलं, साहेब, माझे बाबा खरं सांगताहेत. हा फोन आम्ही आजच, चोरून आणला.

साहेबांचा चेहरा एकदम मऊ झाला. "पोरी," ते म्हणाले, "बापाला वाचवायला खोटं बोलू नये."

तरी माणूस न्यायी. शंका नको म्हणून त्यांनी देवमाशाचं कव्हर काढलं आणि तिन्ही फोन ओळीने मांडले. फरक दिसेना. मग जाडी ताडून बघायला त्यांनी स्वतःचा फोन शेजारी ठेवला. आता चार काळे चौकोन. आम्ही तिघं वाकून, डोळे बारीक करून बघत होतो, तेवढ्यात त्यातला एक वाजला आणि तिघांनीही सवयीने हात घातला, कारण आमच्या सगळ्यांच्या फोनचा सूर तोच होता, जो खोक्यातून येतो आणि जो कुणीच बदलत नाही. फोन साहेबांचा निघाला. हो, पाव आणतो, एवढं बोलून त्यांनी तो परत ठेवला, आणि नेमकं त्याच वेळी कुणीतरी चौकीचं दार उघडलं. वारा आत आला. पावत्या उडाल्या, शिक्के गडगडले, टेबलावरचं सगळं सरकून कडेला गेलं आणि आम्ही तिघं जे हाताला लागेल ते छातीशी धरून उभे राहिलो.

दार लागल्यावर साहेबांनी चकचकीत फोन तेवढा ओळखून पाकिटात घातला, पाकिटावर 'एक फोन, काळा, नवा' असं लिहून शिक्का मारला आणि उरलेले उचला म्हणाले. त्यांनी आपला खिशात टाकला. बाबांनी आपला उचलला. राहिला त्याला मी देवमासा चढवला.

आम्ही गाडीत बसलो. मग बाबांच्या डोक्यात उजाडलं. "आयलेन," ते म्हणाले, "त्यांनी आपला जुनाच पकडला." मग ते हसायला लागले, मी हसायला लागले, आणि घर येईपर्यंत आम्ही गाणी म्हटली. घरी पोचल्यावर बाबांनी देवमासा नव्या टायरच्या पोटात लपवला आणि टायर पडवीत उभे केले. नवा फोन, चालू न केलेला, त्यात कार्डसुद्धा नाही. याहून सुरक्षित जागा अख्ख्या बेटावर नव्हती.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. झुलेमा मावशी आली होती. ओब्दुलिओकाकाही सहज आले होते, म्हणजे आपला सल्ला कसा फळला ते बघायला, आणि माझ्याकडे बघून डोळा मारत होते, जो आईने दोनदा पाहिला. आईने सूप वाढता वाढता पळी मध्येच थांबवली.

"रुबेन," ती म्हणाली, "तुझा टायर वाजतोय."

बाबांनी पावाचा तुकडा बराच वेळ चावला. नवीन टायर आहेत, ते म्हणाले, सुरुवातीला वाजतात.

आई उठली. पडवीत गेली, टायरमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि देवमासा बाहेर काढला. मला काहीच कळेना. कार्ड नसलेला फोन वाजेल कसा? आईला कामगारांच्या सभेची सवय, लपूनछपून काही नको, म्हणून तिने फोन घेतला तो सगळ्यांना ऐकू येईल असाच.

"आन्सेल्मो, पावाचं काय झालं?" फोनमधून एक बाई म्हणाली.

आई म्हणाली, इथे कुणी आन्सेल्मो नाही.

"मग तू कोण?"

"तुम्ही कोण?"

"मी ग्लादिस. त्याची बायको. त्याचा फोन तुझ्याकडे कसा?"

"बाई," आई म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या टायरमधून तुमच्या नवऱ्याचा फोन निघालाय. मलाही जरा कळू द्या."

काका उठून, आपल्याकडे दूध उतू जातंय असं सांगून निघून गेले. त्यांच्या घरी दूध कुणी पीत नाही.

आम्ही सगळं सांगितलं. बाबांनी टायरपासून, मी सँडविचपासून. मला वाटलं आई पिंपावर चढल्यासारखी बोलेल. ती फक्त एवढंच म्हणाली, "तुझ्या वाढदिवसासाठी?" मी मान हलवली. सूप गार होतंय, ती म्हणाली, आणि त्यानंतर बोललीच नाही. ती ओरडली असती तर मी उलट उत्तर दिलं असतं, या वर्षी मला ते जमतं. न बोलणाऱ्या माणसाला काय उत्तर द्यायचं? मी पडवीत जाऊन टायरांना लाथ मारली, आणि पाय मात्र माझाच दुखला.

आईने फोनवर पत्ता दिला होता, त्यावरून दुसऱ्या दिवशी आन्सेल्मोसाहेब आले. गणवेश नव्हता, हाताने विणलेला स्वेटर होता, आणि गाडीत ग्लादिसबाई काच खाली करून आमच्या दाराकडे बघत होत्या. आईने दोघांनाही आत बोलावलं आणि येर्बा दिला. साहेबांनी खिशातून आमचा नवा फोन काढून टेबलावर ठेवला. रात्रभर चालू होईना, ते म्हणाले, मला वाटलं बॅटरी गेली, चार्जरला लावला तर मला 'स्वागत आहे' म्हणाला. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं. तुम्ही खरं बोलत होतात, ते म्हणाले, आणि बाबांनी एखादं पदक मिळाल्यासारखी मान झुकवली.

आईने फोन हातात घेतला. उलटा केला. पाठीवरून, कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा सुलटा केला.

"हाच?" तिने विचारलं.

हाच, मी म्हटलं.

"मला वाटलं..." ती थांबली. "समुद्र ओलांडून गेलात. माझ्याशी खोटं बोललात. टायरमध्ये लपवलात. मला वाटलं, निदान मी कधी न पाहिलेलं काहीतरी असेल. रात्री पडल्या पडल्या विचार करत होते, कसा असेल, कुठून उघडत असेल."

"रागाने?" बाबांनी हळूच विचारलं.

"आधी रागाने," आई म्हणाली. "मग नुसतीच."

मी आईला इतकं हिरमुसलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या चोरीमुळे नव्हतं, चोरी करूनही आम्ही तिला माहीत असलेलाच चौकोन आणला म्हणून होतं. मला एकदम तिचे बेदाणे आठवले. आम्हाला वाटायचं खेळाचा आम्हाला कंटाळा आला. तिला काय वाटत असेल, जिच्या हातातून दर वर्षी तेच जात होतं, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"मी त्या दुकानातल्या मुलाला विचारलं होतं," मी म्हटलं, "यातलं काही उघडतं का."

"काय म्हणाला?"

"खोकं उघडतं."

आईने ओठ दाबून धरले. मग तिचे खांदे हलले. मग ती टेबलावर हात टेकून हसायला लागली, आणि ग्लादिसबाईंना काही कळलं नव्हतं तरी त्याही हसल्या, कारण नवऱ्याचा फोन बाईकडे नसून टायरमध्ये होता हे कळल्यापासून त्यांना हसायचंच होतं.

राहिला प्रश्न पाकिटाचा. साहेब चिंतेत होते. पाकिटात जुना फोन आणि वर शिक्का नव्याचा. ते दुरुस्त करायचं तर वरच्या कार्यालयात अर्ज, आणि अर्जात लिहावं लागणार, की मी माझाच फोन चोरट्या आयातीवाल्यांच्या हवाली केला. बाबांना 'चोरटे' हा शब्द लागला. आई म्हणाली, दुरुस्त कशाला करायचं? पाकिटावर काय लिहिलंय? एक फोन, काळा, नवा. मग हा नवा आत घाला, आमचा जुना बाहेर काढा. एक अक्षर बदलायला नको. साहेबांनी दोन्ही फोन मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. पहिल्यांदाच त्या चौकोनांचा कुणालातरी उपयोग झाला होता. जो काही कर असेल तो भरून आम्ही तो कधीतरी सोडवू, आई म्हणाली, पण तो वाढदिवसाला नको. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चालेल ना?"

मी हो म्हटलं. खरं सांगते, मला 'नाही' म्हणायचं होतं. हॉल ठरला होता, पाहुणे ठरले होते, आणि मी हातात काय धरणार होते? देवमासा?

वाढदिवसाच्या दिवशी हॉल खच्चून भरला. ओब्दुलिओकाकांनी नव्या फोनची बातमी कुंपणावरून इतकी गुपचूप सांगितली होती, की मला न ओळखणारेही तो बघायला आले होते. वॉल्ट्झ झालं. बाबांचा बूट माझ्या बुटावर फक्त एकदाच आला. मग आई मला दिसेना. सगळे मला विचारायला लागले, फोन कुठाय, दाखव की. मी हसत होते आणि कपड्याला खिसा नव्हता याबद्दल शिवणाऱ्या बाईंचे मनातल्या मनात आभार मानत होते.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार पायाने ढकलून आई बाहेर आली. हातात मोठं ताट, वर फडकं. गालाला पीठ. ती हॉलच्या मधोमध आली, फडकं काढलं आणि म्हणाली, "ओळखा."

असा फोन कुणी कधी पाहिला नव्हता. मधे शिंपला होता, शिंपल्याच्या पोटातून एक जीभ सरकत होती, बाजूला किटलीसारखा कान होता, बुडखा नासपतीचा आणि मान थेट बाबांच्या बदकाची. बटणांच्या जागी बेदाणे, पण सगळे विखुरलेले, कुणाची मोजायची हिंमत होऊ नये असे. आणि वर, किंचित वाकडी, लांबलचक अँटेना.

झुलेमा मावशी धावत आली. हा कुठून उघडतो ते तिने चुकीचं सांगितलं. दुसरंही चुकीचं सांगितलं. मग सगळेच ओळखायला लागले. कारखान्यातल्या बायका ताटाभोवती वाकल्या, आणि मला कळलं की त्यांच्यातल्या निम्म्या जणी आपापल्या घरी हेच करत होत्या आणि निम्म्यांनी तेही कधीच सोडून दिलं होतं. ग्लादिसबाईंबरोबर पाहुणे म्हणून आलेल्या आन्सेल्मोसाहेबांनी मिशा पुसत विचारलं, हा कान कशासाठी? आई म्हणाली, हा धरून फोन जोरात आपटायला, भांडण झालं की. हल्लीच्या फोनवर भांडण संपवता कुठे येतं, नुसतं बोट लावायचं. ग्लादिसबाई म्हणाल्या, असा एक मला द्या.

मी ताट हातात घेतलं आणि शिंपला उघडला. 'टक्' झालं नाही. 'कुर्रर्र' झालं, साखर उडाली, आणि हॉल वळला. अगदी मागच्या भिंतीपाशी उभे असलेले काकासुद्धा.

मी तो कानाला लावला. गरम होता. हॅलो म्हटलं. मग नियमाप्रमाणे अँटेना मोडून घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचा अर्धा तुकडा आईपुढे धरला.

"तूच खा," आई म्हणाली. "पुढच्या वर्षीची वेगळी आहे."